पोटात काय गेलं?

बाळाला सहावा महिना सरला की घराघरात जेवणाच्या वेळी दोन पक्ष पडतात. माझ्या लेकीच्या कोथरूडच्या घरी ते असे आहेत. एका बाजूला मैत्रेयी, माझी लेक. तिच्या हातात वाफवलेल्या लाल भोपळ्याची बोटभर लांब फोड. दुसऱ्या बाजूला विहीणबाई. त्यांच्या हातात चांदीची वाटी, वाटीत गुरगुट्या भात, मुगाचं वरण आणि वर तूप. मध्ये उंच खुर्चीत ओवी, आपलं लाळेरं चघळत. जावईबापूंना अशा वेळी हटकून ऑफिसचा फोन येतो.

मैत्रेयी म्हणते, तिचं तिला खाऊ दे. विहीणबाई म्हणतात, खाऊ दे की, पण पोटात काय गेलं? अर्ध्या तासाने भोपळा केसांत, कानामागे, खुर्चीच्या पट्ट्यांत आणि खाली अंथरलेल्या पेपरवर सापडतो. मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पाड्यापाड्यांवर माझी नोकरी झाली, त्यामुळे निवाड्यासाठी दोघीही माझ्याकडे बघतात. विहीणबाईंचा प्रश्न मला मनापासून पटतो. त्यावरचं त्यांचं उत्तर मात्र दर वेळी पटत नाही.

आधी लेकीची बाजू. बाळाला वाटून, गाळून, चमच्याने न भरवता पहिल्या दिवसापासून हातात धरता येईल असं मऊ अन्न द्यायचं आणि त्याचं त्याला खाऊ द्यायचं, या पद्धतीला नाव आणि प्रसिद्धी मिळवून दिली ब्रिटनमधल्या गिल रॅप्ली यांनी. त्या घरोघरी जाणाऱ्या आरोग्य परिचारिका होत्या. ट्रेसी मर्केट यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं पुस्तक २००८ साली आलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. बाळ आधाराने बसायला लागलं, मान धरायला लागलं, दिसेल ती वस्तू तोंडात घालायला लागलं आणि तोंडात गेलेलं जिभेने बाहेर ढकलायचं थांबलं, की ते खायला तयार झालं. सहाव्या महिन्यात बाळ सगळी मूठ वळून वस्तू पकडतं. म्हणून फोड बोटाएवढी लांब हवी. अर्धी मुठीत, अर्धी बाहेर. मटाराचा दाणा चिमटीत उचलायला नववा महिना उजाडतो. दात नाहीत म्हणून अडत नाही. मऊ शिजलेलं अन्न हिरड्या छान चिरडतात. शंका असेल त्यांनी बाळाच्या तोंडात स्वतःचं बोट घालून बघावं.

आता विहीणबाईंची बाजू. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचं दूध पुरतं. त्यानंतर दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही, पण ते एकटं पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष झालं की ५५० च्या आसपास. भोपळ्याच्या त्या फोडीत जेमतेम पाच-सहा कॅलरी असतात, त्यातल्याही निम्म्या पेपरवर. चहाच्या चमचाभर तुपात चाळीसच्या वर. हिशेब विहीणबाईंच्या बाजूने आहे. शिवाय आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा याच सुमाराला संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. सहा ते तेवीस महिन्यांच्या वयात पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी मुलं देशभरात ११ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा नुसती गाजराची आणि काकडीची दांडी हातात देऊन ‘बाळ स्वतंत्र खातं’ म्हणून फोटो काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण म्हणून भरवणाऱ्यांच्या घरी पोटात खरंच काही जातं का? माझी सगळी नोकरी हेच बघण्यात गेली. आई सांगायची, “ताई, वाटीभर खातो की.” वाटी बघायला मागितली की त्यात भाताचं पाणी, नाहीतर वरणाच्या वरचं निवळ. बाळाचं पोट केवढं? किलोमागे ३० मिलिलीटर धरा; सात किलोच्या बाळाचं जेमतेम दोनशे. ते पाण्यानेच भरलं तर बाळ झोपतं, पण वाढत नाही. आमची परीक्षा सोपी होती. चमचा भरायचा आणि तिरपा करायचा. लापशी चमच्याला धरून राहिली पाहिजे. पाण्यासारखी ओघळली तर ते जेवण नव्हे.

घट्ट केली तर बाळाला गिळवत नाही, ही आयांची अडचण खरी होती, आणि त्याची तोड आमच्या बायकांकडे पिढ्यानपिढ्या होती: नाचणीचं सत्त्व. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळायची, वस्त्रगाळ करायची. मोड येताना धान्यात जे विकर तयार होतं ते पिठातला स्टार्च तोडतं, त्यामुळे त्याच पातळपणाच्या लापशीत जास्त पीठ मावतं. भाजणं हलकं ठेवायचं ते याचसाठी. करपवलं की विकर मरतं आणि सत्त्वाचं नुसतं पीठ उरतं. आता पाकिटातलं सत्त्व मिळतं, त्यात बऱ्याचदा साखर असते. पाकीट उलटून वाचत जा. वर्षापर्यंत बाळाला साखर आणि वरून मीठ नको, आणि मध तर अजिबात नको. मधातल्या जंतूंनी लहान बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. उष्टावणाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची हौस असते, तिथे मी विहीणबाईंनाही ऐकवलं. त्यांनी निमूट बिनसाखरेची खीर केली.

बाळाला आपलं आपण खायला दिलं तर ते योग्य तेच खाईल का, यावर शंभर वर्षांपूर्वी एक विलक्षण प्रयोग झाला आहे. १९२६ साली अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतंच वरचं अन्न सुरू होणाऱ्या बाळांपासून तो सुरू केला; पुढे एकूण १५ मुलं त्यात होती. ३४ पदार्थांतले थोडेथोडे ताटात मांडायचे. दाई चमचा घेऊन शेजारी बसायची, पण हलायची नाही. बाळाने ज्या पदार्थाकडे हात नेला किंवा बोट दाखवलं तोच चमच्यात घ्यायचा, आणि बाळाने तोंड उघडलं तरच द्यायचा. ‘हे खा’, ‘शहाणं माझं बाळ’, काही म्हणायचं नाही. एकेका दिवसाचा आहार बघून आई घाबरेल असा असायचा, पण मुलं चांगली वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्या ताटात कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा पेला ठेवला होता. ते बरं होईपर्यंत अधूनमधून ते पीत राहिलं, नंतर त्याने सोडून दिलं. गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात. स्वतः डेव्हिसबाई थांबल्या नव्हत्या. खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे, असं त्यांनी मांडलं. त्या यादीत साखर, बिस्किट, मैदा काहीच नव्हतं. अंडी, मासे, कलेजी, दूध, धान्यं, भाज्या, फळं होती. निवड बाळाची, पण यादी मोठ्यांची. आणि चमचा दोघांच्या मध्ये होताच, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावं.

विहीणबाईंची दुसरी भीती घशात अडकण्याची. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाने दोनशेच्या वर बाळांच्या दोन गटांची तुलना केली. स्वतः खाणाऱ्या गटाच्या आयांना आधी शिकवलं होतं: प्रत्येक जेवणात एक लोहाचा पदार्थ, एक भरपूर ऊर्जेचा, आणि अडकण्याजोगं काही नाही. घशात अडकण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, वजनातही फरक नव्हता. सहाव्या महिन्यात स्वतः खाणाऱ्या बाळांना उमासे जास्त आले, आठव्यात उलट कमी. उमासा आणि अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमाशात बाळ आवाज करतं, खोकतं, लाल होतं, जीभ बाहेर काढून घास पुढे ढकलतं. तेव्हा तोंडात बोट घालू नका, घास आत जाईल. अडकलं तर आवाज येत नाही, खोकला येत नाही, बाळ निळं पडायला लागतं. मग बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, पुन्हा थापा, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन. हे वाचून येत नाही. बाळाच्या डॉक्टरांकडून करून घ्या. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर आणि सफरचंदाची फोड, लाह्या, सीताफळाची बी, हे कोणत्याच पक्षाच्या हाती नको.

मला खरी चीड येते ती तिसऱ्याच प्रकाराची. बाळ मान फिरवतं, ओठ मिटतं, आणि समोर मोबाइलवर कार्टून लावून, तोंड उघडं राहिलं की आत घास ढकलला जातो. एक हात नाक दाबायला नेलेलाही मी पाहिला आहे. बाळाच्या पोटाला भूक कळते, भरल्याचंही कळतं; ते कळणं आपण बुजवतो आणि चौथ्या वर्षी ‘हा जेवतच नाही’ म्हणून डॉक्टरांकडे नेतो. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला पटते: काय आणि केव्हा हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने.

कोथरूडला सध्या असं चालतं. ओवीच्या ताटात तिच्या हाताचा एक पदार्थ असतो: मुगाच्या धिरड्याची पट्टी, अंड्याचा नीट शिजलेला पोळा, तुपातलं मऊ थालीपीठ, नाहीतर डाळीत शिजलेला भोपळा. शेजारी विहीणबाई भात बोटांनी मऊ करतात, त्यात पालक आणि घट्ट वरण कालवतात. चमचा भरून त्या ओवीच्या हातात देतात, कधी स्वतः पुढे धरतात. तोंड उघडलं तर घास, नाहीतर वाटी खाली. सातव्या महिन्यापासून वरणभात मिक्सरमधून काढणं बंद. गुठळ्यांची सवय दहाव्या महिन्यापर्यंत लागली नाही तर मुलं पुढे खाण्याच्या कटकटी करतात, असं ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत दिसलं आहे. लेकीला ही तडजोड वाटते, विहीणबाईंना विजय. वाटू दे.

राहता राहिला त्यांचा प्रश्न, पोटात काय गेलं. त्याचं उत्तर खुर्चीखालचा पेपर बघून मिळत नाही. माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता असतो. दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात बाळाचं वजन करा आणि त्यावर ठिपका मांडून घ्या. रेष वर चढत असेल तर बाळ कोणाच्या हाताने खातं यावरून घरात भांडू नका. रेष आडवी झाली किंवा खाली आली, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असलं, तर मात्र सगळं त्याच्या हातावर सोडू नका; घट्ट, तुपाचा, डाळीचा घास आपल्या हाताने द्या आणि डॉक्टरांना दाखवा.