गाडी घ्यावी, खाली वाकून

दसरा जवळ आला की आमच्या बोईसरमध्ये घराघरांत गाडीचा विषय निघतो. नव्या गाडीचे हप्ते झेपणार नसतील तर कुणीतरी हळूच म्हणते, "सेकंडहँड बघू या का?" आणि मग ओळखीतला एखादा गाड्यांतला जाणकार शोधला जातो. इथे गाडी ही आता चैन राहिलेली नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी काम चालते. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली खरी. पण रात्री शेवटची लोकल निघून गेल्यावर घरातल्या आजारी माणसाला हलवायचे, तर रिक्षावाल्याची मनधरणी आलीच. म्हणून स्वस्तातली का होईना, पण ऐनवेळी दगा न देणारी गाडी दारात असावी, असे घरच्या कर्त्या माणसाला वाटते. मलाही वाटले होते.

माझी पहिली गाडी मी २००६ च्या दिवाळीत घेतली. नंबर एमएच-०२, म्हणजे मुंबईच्या पश्चिम उपनगरांतला. रंग असा चकचकीत, की सौ.ने दारातच त्यात बघून टिकली नीट केली. भावही बाजारापेक्षा कमी. "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच चाललेली," असे विकणारा म्हणाला. जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक दुसरी गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पुढच्या जुलैत एका रात्री दोनच्या सुमारास वडिलांच्या छातीत कळ आली. त्यांना मागच्या सीटवर आडवे केले आणि पालघरची वाट धरली. पाऊस मुसळधार. उमरोळीच्या आसपास रस्त्यावर जेमतेम घोटाभर पाणी असेल. पण गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. सेल्फ मारून मारून बॅटरीही बसली. शेवटी मासळीचा एक टेम्पो थांबला आणि रिकाम्या पाट्यांमध्ये बसून आम्ही इस्पितळात पोहोचलो. वडील वाचले. मात्र रस्त्याकडेला गेलेली ती वीस मिनिटे मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सीटखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ होता, पत्रा बोटाने टोकरला तर भोक पडत होते आणि वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढला होता. "साहेब, ही सव्वीस जुलैची गाडी आहे," तो म्हणाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्यांतल्याच एकीला रंग काढून माझ्या गळ्यात बांधले होते.

माझा भाचा कॅनडात असतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटते आणि पत्रा खाते. म्हणून हिवाळ्यासाठी जुनी गाडी घेणारा माणूस तिकडे आधी गाडीखाली डोके घालतो. मला हसू आले. आपल्याकडे बर्फ नाही, पण मीठ कुठे कमी आहे? सातपाटी, केळवे, चिंचणी, डहाणू सगळीकडे खारा वारा आहे. त्यात चार महिन्यांचा पाऊस. आपला पावसाळा हाच गाडीच्या दृष्टीने आपला हिवाळा!

त्यानंतर मी दोन गाड्या घेतल्या, दोन्ही जुन्याच, आणि दोन्हींनी साथ दिली. त्या घेताना मी वरचा रंग शेवटी पाहिला. गाडी जॅकवर चढवून आधी तळ, सायलेन्सर आणि दारांच्या खालच्या कडा पाहिल्या. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवले. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली लांबी भरलेली असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, कारण विकणारा गाडी धुतो, पण बेल्टच्या टोकाचा चिखलाचा डाग विसरतो. डिक्कीत स्टेपनी उचलून तिच्याखाली पाणी किंवा गंज आहे का ते बघितले.

गाडी बघायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच स्वतः चालू करावे. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर समजावे की काहीतरी लपवायचे आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर आत पाणी गेले असण्याची शक्यता. टायरवरचे चार आकडेही वाचावेत. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि वाघोबा खिंडीतल्या ओल्या वळणावर पकड सोडते. २०२३ पूर्वीची गाडी असेल, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे रबरी नळ्या खराब झाल्या नाहीत ना, हेही मिस्त्रीला विचारावे.

मॉडेल कोणते घ्यावे? ज्याचे सुटे भाग गावातच मिळतात ते. १९८३ साली आलेली मारुती ८०० पुढे तीस वर्षे निघत राहिली, ती याच गुणावर. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पण छोटी, साधी, गावच्या मिस्त्रीला पाठ असलेली पेट्रोल गाडी घ्यावी, हा तिचा धडा आजही खरा आहे.

आता कागदपत्रे. दमण-वापीकडची गाडी स्वस्त दिसते. पण तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र आणि इथला कर धरला की स्वस्ताई पातळ होते. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो आरसीवरून उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची तीन वर्षांची तपासणी झालेली हवी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच आपल्या नावावर करावी, विमाही त्याबरोबरच. गाडी विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. दप्तरी ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे.

एवढे सगळे करायला दोन रविवार जातात आणि मिस्त्रीच्या हातावर हजार-पाचशे ठेवावे लागतात. आमच्या घरी ते जड वाटत नाहीत. पुढे वडील हौसेने गाडीत पुढच्या सीटवर बसू लागले. पण बसण्याआधी पायाखालचा गालिचा उचलून बघायची सवय त्यांना लागली ती कायमचीच.