परक्या राजधान्यांची लांजी

गोंदियाहून बालाघाटकडे निघालं की बाघ नदी ओलांडल्यावर राजेगाव लागतं. दुकानांच्या पाट्या हिंदीत होतात, गाड्यांचे नंबर बदलतात; बाकी धानाच्या बांध्या, धुरे आणि आषाढातला रोवणा अलीकडे तसाच पलीकडे. इथून किरणापूरमार्गे पुढे लांजी. बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं हे गाव एकेकाळी राजांच्या यादीत मानाने होतं. रुबाब होता तरी हुकूम मात्र नेहमी बाहेरूनच यायचा.

छत्तीसगडमधल्या रतनपूरच्या कलचुरी राजाचा, पहिल्या जाजल्लदेवाचा, इ.स. 1114 चा शिलालेख आहे. त्याला वर्षाकाठी खंडणी देणाऱ्यांची नावं त्यात आहेत. वैरागड आहे, भाणारा म्हणजे आपला भंडारा आहे आणि शेजारीच लांजिका आहे. भंडारा आणि लांजी नऊशे वर्षांपूर्वी एकाच ओळीत बसले होते, हे आज दोन राज्यांच्या नकाशांत त्यांना शोधणाऱ्याने लक्षात ठेवावं.

त्याही आधी हा मुलूख वाकाटकांचा. दुसऱ्या पृथ्वीषेणाचे ताम्रपट बालाघाट जिल्ह्यातच मिळाले, तेही जंगलात झाडाला टांगलेले! राजाची वंशावळ कोरून झाली, पण दान कुणाला आणि कोणतं गाव, हे कोरायचं राहूनच गेलं. सरकारी काम अर्धवट राहण्याची परंपरा बरीच जुनी दिसते.

लांजीत पाहायचं ते किल्ला. आज दिसणारी तटबंदी गोंड राजवटीतली मानतात. जुन्या गॅझेटिअरने ती इ.स. 1700 च्या आसपासची धरली आहे. कोपऱ्यावरचे बुरूज, बाहेर खंदक आणि खंदकाकडेला लंजकाई देवीचं ठाणं. गावाचं नाव तिच्यावरूनच पडलं, असं गावकरी सांगतात. किल्ला कुणी जिंकला, कुणी सोडला, याच्याशी देवीला काही घेणंदेणं नाही; राजे बदलले, तिची पूजा चुकली नाही. गावाबाहेर कोटेश्वर महादेवाचं दगडी मंदिर आहे, किल्ल्याहून कितीतरी जुनं. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते.

गोंडांच्या वेळी इथला कारभार देवगडकडे होता. अठराव्या शतकाच्या मध्याला देवगडचं राज्य रघूजी भोसल्यांच्या हाती गेलं आणि लांजीचा वसूल नागपूरकडे वळला. 1818 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली, तेव्हा शेजारच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. बंड मोडलं, जमीनदारी गेली. पुढे 1867 मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला. लांजी त्यात पडली. तरीही वरचं सरकार नागपुरातच असल्याने लोकांना फारसा फरक पडला नसावा.

फरक पडला 1 नोव्हेंबर 1956 ला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी एका दिवसात नागपूरहून भोपाळला गेली. बाघ नदी राज्यांची सीमा झाली. माझ्या मते लांजीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि तो घडवायला एकही तलवार लागली नाही. माणसांनी मात्र ही रेघ फार मनावर घेतली नाही. पोवार, लोधी, कुणबी, गोंड या समाजांची सोयरीक दोन्ही काठांवर आहे. घरात पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, गोंदियाला आलं की मराठी. नदीच्या पाण्याचाही दोन राज्यांनी मिळून हिशोब केला; सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार ही बाघ प्रकल्पाची धरणं महाराष्ट्रात, पण पाण्यात वाटा दोघांचा.

जायचं असेल तर महाराष्ट्रातून आमगावचा रस्ताही आहे. पावसाळा सरल्यावर जावं, धान पिकून पिवळं पडलेलं असतं. आधी लंजकाई, मग किल्ला आणि कोटेश्वरासाठी हाताशी अर्धा दिवस मोकळा ठेवावा. तिथल्या दगडावरचं कोरीवकाम उभ्याउभ्या पाहून उरकण्याजोगं नाही.