असाध्य, याप्य आणि अत्यवस्थ : नेमका फरक

असाध्य म्हणजे उपचारांनी समूळ बरा न होणारा आजार. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या १०व्या अध्यायात रोगांची साध्य आणि असाध्य अशी विभागणी येते. साध्य रोगाचे दोन प्रकार आहेत : सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य. असाध्याचेही दोन : याप्य आणि प्रत्याख्येय. याप्य रोग मुळापासून जात नाही, पण पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत ताब्यात राहतो. प्राचीन वैद्य सुश्रुताने त्याला कोसळू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. प्रत्याख्येय रोगावर मात्र उपचार चालत नाही. प्रमेहात (मूत्रविकारांच्या गटात) हा क्रम स्पष्ट दिसतो : कफज साध्य, पित्तज याप्य, वातज प्रत्याख्येय.

‘अत्यवस्थ’ हा शब्द रोगाला नव्हे, रोग्याच्या त्या वेळच्या गंभीर स्थितीला लागतो. साध्य रोगाचा रुग्णही अत्यवस्थ होऊ शकतो आणि असाध्य रोग असलेला माणूस वर्षानुवर्षे हिंडता-फिरता राहू शकतो. कर्करोगाला सरसकट असाध्य म्हणणेही चुकीचे आहे.  आज लवकर निदान झाल्यास अनेक कर्करोग बरे होतात.