जुन्या कॅमेऱ्याची पारख

मुंबईच्या चोरबाजारात फिल्मचा एखादा जुना कॅमेरा माफक किमतीत हाती आला, की त्याच्या बाह्य रूपावर न भाळता प्रथम मागील झाकण उघडावे, भिंग उजेडासमोर धरावे आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात की काय, हे बारकाईने न्याहाळावे. कारण दमट हवेत वाढणारी ही बुरशी कालांतराने काचेवरील लेप कायमचा खराब करते. नंतर शटर एका सेकंदावर ठेवून कान द्यावा: वंगण सुकले असेल, तर ते रेंगाळते किंवा मध्येच अडते. प्रकाशमापक निकामी असला, तरी केवळ तेवढ्यासाठी सौदा नामंजूर करण्याचे प्रयोजन नाही. निरभ्र आकाशातील भर उन्हाची तेजस्विता बहुतांशी स्थिर असल्यामुळे १०० गतीच्या फिल्मसाठी छिद्र एफ/१६ आणि वेळ १/१२५ सेकंद, एवढा हिशेब पुरतो. त्या क्षणार्धात फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकांत चांदीचे मोजके अणू एकवटून अदृश्य प्रतिमा उमटते आणि पुढे विकासक रसायन तिला कोट्यवधी पटींनी वर्धित करून दृश्य करते. अल्प मोलाच्या यंत्रातून निसर्गाचा हा नियम स्वहस्ते पडताळून पाहण्याचा आनंद मला खरोखर अमोल वाटतो.