आमच्यामागे त्याचं कोण?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी सज्ञान होतं. मग बँकेत सही कोणाची? यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला की ती कायदेशीर पालक नेमते. या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेबही. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

एवढी कागदपत्रं हवीतच.

पण त्याचा दिवस कसा जाणार, हे त्यात नसतं. ते घरच्यांनीच वहीत लिहून ठेवावं: पोळी दुधात कुस्करून दिली तरच खातो, कुकरच्या शिटीला दचकतो, घाबरला की कानावर हात ठेवतो, शेजारच्या काकूंकडे मात्र आपणहून जातो. त्या काकू फार मोलाच्या. कॅनडात १९८९ साली काही पालकांनी ‘प्लॅन’ ही संस्था काढली, ती अशाच माणसांसाठी: मुलाभोवती पगारी नसलेल्या स्नेह्यांचं वर्तुळ आईवडिलांच्या हयातीतच जमवायचं. आपल्याकडे भावंडांना गृहीत धरलं जातं. त्यांना आधी विचारायला हवं, आणि त्या मुलालाही.