दीर्घिकेचा हजेरीपट

गिरणीच्या एकूण पगारखर्चावरून कामगार मोजायचे, तर साहेबांचे गलेलठ्ठ पगार आधी वेगळे काढावे लागतात. नाहीतर माणसे आहेत त्याहून अधिक भरतात. दूरच्या दीर्घिकेचेही तसेच. तेथील तारे सुटे दिसत नाहीत. एकत्रित प्रकाशावरूनच त्यांचे वस्तुमान काढावे लागते. तेथले साहेब म्हणजे आयुष्याच्या अखेरीस फुगलेले तांबडे राक्षसी तारे. ते मूठभर आणि अल्पकाळचे. पण सुमारे एक अब्ज वर्षे वयाच्या तारकासमुदायात अवरक्त प्रकाशाचा मोठा वाटा त्यांचा असू शकतो. तो किती, हाच वाद आहे.

२००३ साली ब्रुझुअल आणि शार्लो यांनी केलेल्या गणितात हा वाटा लहान होता. २००५ साली क्लाउडिया मॅरास्टन यांनी तो पुष्कळ वाढविला. तेव्हा कित्येक तरुण दीर्घिकांचे वस्तुमान निम्म्याच्या आसपास उतरले. २०१० आणि २०१३ मधील निरीक्षणे लहान वाट्याकडे झुकली. मात्र २०२१ साली अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला काही दूरच्या दीर्घिकांत या ताऱ्यांच्या ठळक खुणा सापडल्या.

हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. वस्तुमान चुकले, की विश्वाच्या बाल्यकाळी दीर्घिका किती वेगाने वाढल्या, हा सारा इतिहासच चुकतो.