तीन राखाडी आणि सासूबाई

रंगाच्या दुकानात 'राखाडी दाखवा' असं म्हणून बघा. वीस-पंचवीस पट्ट्या पुढ्यात येतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात!

गेल्या दिवाळीआधी सासूबाईंची खोली रंगवायला काढली. मुलाला राखाडीच हवा होता. कशाबशा तीन छटा निवडल्या. "यातली कुठलीही द्या हो," मी रंगारीमामांना म्हणाले. मुलगा हसला, "आजीला कुठे नीट दिसतंय!" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवताना त्यांनी मान वर केली नाही. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मामांकडून तीन पुठ्ठ्यांवर रंगाचे दोन-दोन हात देऊन घेतले. "वहिनी, ओला रंग फसवतो, वाळू द्या. आणि जुनी भिंत शेजारी असली की डोळा चुकतो," म्हणत त्यांनी पुठ्ठ्यांना पांढरी कड सोडली. पुठ्ठे वाळल्यावर मी ते सासूबाईंच्याच हातात दिले.

खिडकीशी नेऊन त्या म्हणाल्या, "हा पारवा, हा चुलीतल्या राखेचा, अन् हा पाट्याच्या दगडाचा." खरंच की! एकात निळसर झाक होती, दुसऱ्यात तांबूस, तिसऱ्यात हिरवट. खोलीची खिडकी उत्तरेला, ऊन फारसं येत नाही. तिथे पारवा अगदी थंड, उदास वाटला. रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तर आणखीच निळा.

सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एकेक डोळा मिटून त्या म्हणाल्या, "या डोळ्याला निळा दिसतो, त्याला मळकट." मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळा रंग नीट पोचत नाही. हे डॉक्टरांकडून ऐकलं होतं, पण घरात कधी पाहिलं नव्हतं.

राखेचा रंग दोन्ही डोळ्यांना बरा वाटला. मग हळूच म्हणाल्या, "चौकट मात्र गडद करा गं. रात्री उठले की दार सापडत नाही."

इतके दिवस त्या चाचपडत होत्या आणि आम्हाला पत्ताच नव्हता! भिंत आणि चौकट एकाच फिक्या रंगाची, त्यांना दिसणार तरी कशी?

चौकटीला गडद चॉकलेटी रंग मुलाने स्वतः दिला. पांढऱ्या स्विचबोर्डाभोवतीही त्याने तशीच पट्टी ओढली, आजीने न सांगता.

तुमच्याकडे रंगकाम निघालं, तर पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली जरूर बघा. पण आधी, ज्याची खोली त्याच्या हातात तो द्या.